आजोबांचा राजीनामा

आमच्या घराण्यात थोर म्हणावा असा एकच माणूस होऊन गेला, तो म्हणजे माझे आजोबा. आणि त्यांच्या थोरपणाचा दाखलाही एकच, की त्यांनी १९३९ साली राजीनामा दिला होता. कशाचा दिला, कोणाकडे दिला, असले प्रश्न घरात कोणी विचारत नसे. राजीनामा दिला म्हणजे दिला. दर पंधरा ऑगस्टला आमचे मोठेबाबा (म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पुण्यामुंबईकडच्या वाचकांना हे सांगावं लागतं) जिलेबीच्या पुड्याचा दोरा सोडता सोडता ती गोष्ट सांगत : "तिकडं नागपुरात शुक्लांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा देल्ला, अन् पाठोपाठ इकडं बालाघाटात आपल्या बाबानं देल्ला." तेव्हा मोठेबाबांचं वय दोन वर्षांचं होतं. पण थाट असा, की दौत यांनीच धरली होती.

मंत्रिमंडळाचं खरं आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानला न विचारता महायुद्धात ओढलं, म्हणून १९३९च्या नोव्हेंबरात मध्यप्रांत-वऱ्हाडचं रविशंकर शुक्लांचं काँग्रेस मंत्रिमंडळ पायउतार झालं. आजोबांचा पुरावा मात्र ट्रंकेत होता. पोस्टकार्डाएवढा पिवळा कागद, त्यावर बोरूनं लिहिलेलं : "मु. नं.", मग वाळवीनं खाल्लेला एक आकडा, मग "७ अ, सन १९३९, राजीनामा, बालाघाट." यातल्या "मु."चा अर्थ मोठेबाबांनी "मुकद्दम" असा लावला होता. मध्यप्रांतात लंबरदार सारा भरायचा आणि मुकद्दम गाव सांभाळायचा. तेव्हा आजोबा मुकद्दम होते, तेही "अ" दर्जाचे, आणि गांधींसाठी त्यांनी ती मुकद्दमी फेकून दिली. इतका स्वच्छ पुरावा स्वातंत्र्यलढ्यात फार कमी लोकांकडे असेल.

आजी तेवढी एक चूक करायची. ती "राजीनामा झाला" म्हणायची. ती पडली बालाघाटाकडची, तिचं मराठी अधूनमधून घसरायचं. "आजी, राजीनामा होत नाही, देतात," असं आम्ही नातवंडं तिला शाळेतल्या अधिकारानं सांगत असू. ती पदर तोंडाला लावून हसायची आणि पुन्हा "झाला" म्हणायची.

मोठेबाबांनी अठ्ठ्याऐंशी वर्षं पूर्ण केली तेव्हा पुतण्यानं घराण्याची स्मरणिका काढायचं ठरवलं आणि त्या राजीनाम्याची खरी प्रत पहिल्या पानावर छापायची टूम निघाली. घरात निवृत्त माणूस मी एकटा. पुतण्या म्हणाला, "काका, काही अवघड नाही. कोर्टाचं सगळं आता मोबाइलवर आहे."

आहेही. ई-कोर्ट्सच्या पानावर जिल्हा निवडला, की खटला शोधायच्या निरनिराळ्या वाटा दिसतात : खटल्याचा नंबर, पक्षकाराचं नाव, वकिलाचं नाव, कायद्याचं कलम. प्रत्येक खटल्याला सीएनआर म्हणून सोळा आकडी-अक्षरी ओळख असते. माणसाला आधारचे बारा, त्याच्या भांडणाला सोळा. ज्यानं हे ठरवलं त्याला आपला समाज नीट कळला आहे. माझ्याकडे सोळातला एकही आकडा नव्हता, म्हणून मी नावाच्या वाटेनं गेलो. नावाची किमान तीन अक्षरं लागतात, वर्ष लागतं, आणि खटला प्रलंबित, निकाली की दोन्ही, ते सांगावं लागतं. आजोबांचं नाव सांगत नाही, समजा गणपत. इंग्रजी स्पेलिंगात गणपतचे किती गणपत होतात हे तेव्हा मला कळलं. मधे "ए" घालून, न घालून, "राव" जोडून, "जी" जोडून मी सगळे करून पाहिले. पुढे वळणदार अक्षरांचा तो कॅप्चा. मोतीबिंदू झालेल्या माणसाला ती अक्षरं नीट दिसतात, कारण त्याला सगळीच अक्षरं तशी दिसतात. उत्तर प्रत्येक वेळी तेच : "रेकॉर्ड नॉट फाउंड". १९३९ सालचा खटला मोबाइलवर शोधणाऱ्याला याहून सभ्य उत्तर देता येईल असं मला वाटत नाही. न्यायालयांच्या संगणकीकरणाचा हा प्रकल्प सुरू झाला तोच २००७ साली. जुने कागद स्कॅन करण्याचं काम आता हाती घेतलं आहे. प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ साली केंद्रानं ७२१० कोटी रुपये मंजूर केले. पण त्या रांगेत आजोबांचा नंबर लागेपर्यंत मोठेबाबा थांबायला तयार नव्हते.

अमेरिकेतला भाचा फोनवर म्हणाला, "मामा, इथे लोक काउंटीच्या कोर्टहाउसात पणजोबा शोधायला हौसेनं जातात, रजा काढून." आपल्याकडेही जातात. फक्त जमीन विकायची असेल तेव्हा.

मग मी दुसरा शहाणपणा केला. नागपूरला हायकोर्ट १९३६ साली आलं, बालाघाट तेव्हा नागपूर विभागात, म्हणजे कागद नागपुरात, असा हिशेब मांडून नागपूरच्या एका वकील मित्राला कामाला लावलं. त्यानं शांतपणे विचारलं, "अपील झालं होतं का?" म्हटलं, राजीनाम्याला कसलं अपील? "मग मूळ कागद मूळ कोर्टाच्या जिल्ह्यात. आणि अपील झालं असतं तरी फाइल शेवटी परत तिकडेच. तू बालाघाटला जा."

१ नोव्हेंबर १९५६ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्या राज्याचं हायकोर्ट जबलपूरला गेलं. आमचं घर गोंदियात, आणि आजोबांची बांधी वारासिवनी तहसिलीत. (धानाच्या वाफ्याला आमच्याकडे बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांमधल्या बांधाला धुरा. पुढे लागेल, लक्षात ठेवा.) रेषा कागदावर पडली, सोयरिकी, मंडईचे तमाशे आणि उसनवारी पूर्वीसारखी चालू राहिली. भाऊबंदकीला तर राज्य पुनर्रचना आयोगाचं नावही ठाऊक नाही.

गोंदियाहून बालाघाट चाळीस किलोमीटर. पूर्वी नॅरोगेजची गाडी होती. बाबा सांगायचे, चढावर माणसं उतरून शेजारून चालायची आणि गाडीला वाईट वाटू नये म्हणून हळू चालायची. आता ब्रॉडगेज आहे, माणसं आतच बसतात. बाघ नदी ओलांडली की महाराष्ट्र संपतो, पण डब्यातल्या गप्पांना ते कळत नाही. पोवारीत सुरू झालेलं वाक्य हिंदीतून जाऊन मराठीत संपतं आणि सगळ्यांना समजतं. मला वाटलं, भाषेची काही अडचण नाही.

भाषेची अडचण कोर्टाच्या आवारात सुरू झाली.

आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश असतात, तिथे पाटीवर "व्यवहार न्यायाधीश". मी एका झाडाखाली बसलेल्या टंकलेखकाला विचारलं, दिवाणी कोर्ट कुठे? त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "दीवानी? वो तो पुराने लोग बोलते थे, बाबूजी." चहा पाजल्यावर त्यानं मला एका मुंशींच्या हवाली केलं. मुंशी म्हणजे वकिलाचा कारकून. आणि खरं सांगायचं तर वकील हा मुंशीचा बोलका भाग असतो. हे मुंशीजी साठीचे, शर्टाच्या खिशात तीन पेनं, कानावर चौथं. मी चिठोरी पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरली, उलटी केली, वासही घेतला असावा.

"क्या निकालना है?"

"राजीनामा. १९३९ का."

"राजीनामा हुआ था? फिर तो ठीक है." मुंशीजी एकदम खुलले. इतक्या वर्षांनी परक्या राज्यातही त्यागाची अशी कदर पाहून माझा गळा दाटला. "किसके साथ हुआ था?"

"ब्रिटिश सरकार के साथ."

मुंशीजींनी कानावरचं पेन काढलं. "सरकार पार्टी थी? जमीन सरकारी थी क्या?"

जमीन कुठून आली, मला कळेना. पण कोर्टातल्या माणसासमोर अडाणी दिसू नये म्हणून मी म्हणालो, "कुछ जमीन भी थी." मग त्यांनीच, जमीन आहे तर आधी तिकडचे कागद बघून घ्या, म्हणजे मौजा आणि नंबर तरी हाती येईल, असं सुचवलं आणि मी कलेक्टर कचेरीच्या रस्त्याला लागलो.

हे दोन वेगळे संसार आहेत हे आपण विसरतो. जमीन कोणाच्या नावावर आहे ते महसूल सांगतो. जमीन खरोखर कोणाची, याचं भांडण दिवाणीत. आपल्याकडे तलाठी आणि सातबारा, तिकडे पटवारी आणि खसरा. हिंदीत खसरा म्हणजे गोवरसुद्धा. "मुझे दादाजी का खसरा चाहिए" असं मी रिक्षावाल्याला सांगितल्यावर तो मला सरकारी दवाखान्याकडे घेऊन निघाला होता, त्याचा दोष नाही. जुनं शोधायचं तर मिसल, म्हणजे बंदोबस्ताचे मूळ कागद. गावच्या रूढी बघायच्या तर वाजिब-उल-अर्ज, म्हणजे पाटाचं पाणी आधी कोणाच्या बांधीला, सरपण कोणी कुठून आणायचं, याची इंग्रजांनी लिहून घेतलेली यादी. तिथल्या माणसानं आमच्या गावाचं नाव ऐकून पान काढून दाखवलं. आजोबांचं नाव होतं. हुद्दा : काश्तकार. मुकद्दम दुसराच कोणी होता.

मी म्हटलं, लिहिणाऱ्याची चूक असेल.

परत मुंशीजींकडे. आता त्यांनी माझी शिकवणी घेतली आणि ती मी इथे फुकट देतो, कारण ती मला तीन चहा आणि दोन आलूबोंड्यांना पडली. एक, "मु. नं." म्हणजे मुकदमा नंबर. दोन, नंबराच्या शेपटीचा "अ" म्हणजे दर्जा नव्हे. त्या बाजूला दिवाणी दाव्यांचे वर्ग आहेत : जमीनजुमल्याच्या हक्काचा दावा "अ", पैशाअडक्याचा "ब". तीन, सगळे लोक दावा कधी लावला ते वर्ष पाठ करून येतात, पण निकाली फाइल लागते ती निकालाच्या तारखेवर. लग्नाची तारीख सांगून मुलाचा जन्मदाखला मागण्यासारखं ते आहे. चार, जुन्या फाइलीतलं सगळं ठेवत नाहीत. त्यासाठी १९१७ सालचा कायदाच आहे : समन्स, तारखांचे अर्ज, साक्षीदारांच्या भत्त्याच्या पावत्या ठराविक वर्षांनी नष्ट होतात, निकाल आणि हुकूमनामा, विशेषतः जमिनीच्या हक्काचा, जपतात. म्हणजे आपले पूर्वज काय बोलले ते जातं, त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं ते राहतं.

"और राजीनामा?" मी विचारलं.

"वो तो डिक्री का हिस्सा है. वो कहाँ जाएगा."

नकलेचा अर्ज लिहायला बसलो. पक्षकारांची नावं, मुकदमा नंबर, वर्ष, कोर्ट, कोणत्या कागदाची प्रत हवी, आणि कारण. कारणाच्या जागेत मी सहा ओळी लिहिल्या. त्यात शुक्ल, गांधी, दुसरं महायुद्ध आणि मातृभूमी आली. मुंशीजींनी त्या शांतपणे वाचल्या, सहाही ओळींवर रेघ ओढली आणि वर लिहिलं : "वारिस, जानकारी हेतु." माझ्या उभ्या लेखनप्रवासात इतकं चांगलं संपादन कोणी केलेलं नाही. वाळवीनं खाल्लेल्या आकड्याच्या जागी काय लिहायचं हा प्रश्न होता. मुंशीजी म्हणाले, एक ते नऊ, आणि कोरा सातही धरला तर दहाच तर होतात, रजिस्टर बघू. त्या वर्षाच्या दायरा रजिस्टरात बोट फिरवत फिरवत आजोबा सापडले. सत्तेचाळीस अ.

"बस्ता निकलवाना पड़ेगा," आतून निरोप आला.

मी चपापलो. आमच्याकडे बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. शालू, शेले, मानपान. राजीनाम्याच्या प्रतीसाठी कोर्टाला आहेर करावा लागतो की काय? पण थोड्या वेळानं तो आलाच : मळकट लाल कापडात बांधलेलं, उशीएवढं गाठोडं, वर पुठ्ठ्याची चिठ्ठी. कापड, गाठ आणि आत कोणाची तरी अडकलेली आयुष्यं. शब्द तसा फार लांब गेलेला नाही.

आता इथे माझ्यासारख्या विनोदी लेखकाचं मोठं नुकसान झालं. मी पंधरा हेलपाट्यांची तयारी ठेवली होती. "साहेब जेवायला गेलेत", "उद्या या", "किल्ली सापडत नाही" एवढा माल तरी हाती लागेल असा भरवसा होता. दोन परिच्छेद तर मी गाडीतच रचले होते. सांगितलेल्या दिवशी गेलो आणि शिक्का मारलेली, सही केलेली प्रत हातात पडली. ते दोन्ही परिच्छेद अजून माझ्याकडे आहेत. कोणाला हवे असतील तर देईन.

बाहेर त्याच झाडाखाली बसून मुंशीजींनी वाचून दाखवलं. दाव्याची तारीख १९३९ची, निकालाची १९४०ची. म्हणजे "पाठोपाठ" गेलं. वादी : आजोबांचे सख्खे चुलतभाऊ. प्रतिवादी : आजोबा. दाव्याची किंमत : साठ रुपये. विषय : दोन बांध्यांच्या मधला धुरा आणि त्यावर उभा एक आंबा. चुलतभावाचं म्हणणं, धुरा माझा, म्हणून झाड माझं. आजोबांचं म्हणणं, झाड माझ्या बापानं लावलं, म्हणून धुराही माझा. चार तारखा झाल्या. पाचव्या तारखेला, ती ऐन आंब्याच्या मोसमात, दोघांनी मिळून कागद दिला : "उभय पक्ष में राजीनामा हो गया है."

"राजीनामा मतलब?" मी विचारलं, आवाज माझा मलाच परका वाटला.

"मतलब दोनों राजी. समझौता. राजी का नामा, राजीनामा." मुंशीजींनी असं सांगितलं, जसं पहिलीच्या मुलाला "क" सांगावा.

तडजोडीचा लेख. फारसीत तो तेवढाच होता, बालाघाटच्या कोर्टात अजून तेवढाच आहे. नदीच्या अलीकडे, पार मुंबई इलाख्यात मात्र शेतकरी सरकारची जमीन सोडायला राजी झाला की राजीनामा लिहून द्यायचा, ती घेणारा कबुलायत लिहायचा. जमीन सोडण्यावरून शब्द खुर्ची सोडण्यावर गेला आणि पुढे खुर्ची न सोडता नुसता खिशात ठेवण्यावरही. आमच्या घराण्यानं नदी ओलांडली, शब्द नेसत्या कपड्यानिशी बरोबर आला, आणि अलीकडच्या अर्थानं आजोबांना हुतात्म्यांच्या रांगेत बसवून गेला.

आणि आजी बरोबर होती. राजीनामा झाला होता.

अटी चार. पहिली, धुरा दोघांचा. दुसरी, झाड दोघांचं, कोणी तोडायचं नाही. तिसरी, "फल आधा-आधा, साल-ब-साल." चौथी, "खर्चा अपना-अपना." खाली दोन खुणा. चुलतभावाचा अंगठा, तिरका, घाईत उठवलेला, आणि शेजारी आजोबांची सही. सगळा कागद हिंदीत आणि ती सही तेवढी मोडीत, एका दमात ओढलेली, शेवटी एक लांब फराटा. झेरॉक्सवर तो फराटा पुढच्या माणसाच्या अंगठ्यात जाऊन घुसलेला दिसतो. धुऱ्याचं भांडण मिटलं होतं. सहीनं पुन्हा हद्द ओलांडली होती.

घरी आलो. मोठेबाबांना कसं सांगायचं याची गाडीभर उजळणी केली होती. पुतण्यानं स्मरणिकेच्या ओळीचा प्रश्न आधीच सोडवून टाकला : "बालाघाट येथे राजीनामा केला." दि-ला, के-ला, मुद्रितशोधकाखेरीज कोणाचं लक्ष जाणार नाही आणि मुद्रितशोधक घरचाच होता, म्हणजे मी.

मोठेबाबांनी मात्र पूर्ण कागद वाचायला लावला. एकेक अट ऐकून मान हलवली. मुकद्दमी गेली, गांधी गेले, शुक्ल गेले, चेहऱ्यावर काही दिसेना. तिसऱ्या अटीशी हात वर केला.

"थांब. ते पुन्यांदा वाच."

"फल आधा-आधा, साल-ब-साल."

"आपल्या घरी त्या झाडाचा आंबा कधी आला का रे?"

मला आठवत नव्हतं. माझ्या बाबांच्या बोलण्यातही कधी आलं नव्हतं. ते झाडच आता नाही, रस्ता रुंद झाला त्यात गेलं.

"म्हंजे हुकूमनामा आपल्या बाजूनं, अन् आंबे त्याईनं खाल्ले," मोठेबाबा उठून बसले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण डोळ्यांत आलेली चमक अगदी ताज्या वादीची. "दरखास्त लावता येते का?"

म्हटलं, मोठेबाबा, त्या काळच्या कायद्यानं हुकूमनाम्याची बजावणी बारा वर्षांच्या आत मागावी लागायची. निकाल चाळीसचा. बावन्नला मुदत संपली.

ते बराच वेळ बोटं मोजत राहिले.

"मंग बावन्नपर्यंतचे तरी निघतात ना?"